दऱ्यांचं दर्या झालं आणि मी साडेतीन वर्षांनी प्रोजेक्टमध्ये परत आले

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. सांगलीत आमचं डीटीपीचं दुकान आहे, मी आणि आप्पा म्हणजे माझे वडील मिळून चालवतो, लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या स्मरणिका असलं सगळं. एका ट्रेकिंग ग्रुपचं माहितीपत्रक आलेलं, ५०० प्रती. छापून झालं, घड्या घालून गठ्ठे बांधून झाले आणि न्यायला आलेल्या सरांनी पहिलंच पान उघडून माझ्यासमोर धरलं. "सह्याद्रीच्या दर्याखोर्यांत". दर्या म्हणजे समुद्र हो, तिथं दऱ्या पाहिजे होतं. मी टाईप केलेलं बरोबरच होतं, पण दुकानात नवीन आलेल्या मुलीला त्या शब्दाखाली लाल रेघ दिसली, तिनं राईट क्लिक करून कॉम्प्युटरनं सुचवलेला शब्द घेतला. तिची यात काही चूक नाही, लाल रेघ आली की कुणीही शब्द बदलणारच. सगळ्या प्रती आमच्या खर्चानं परत छापून दिल्या.

त्या रात्री झोप लागली नाही ती पैशापायी नाही. तो स्पेलचेक ज्या मराठी शब्दकोशावर चालतो त्या ओपन सोर्स (कुणालाही बघता आणि सुधारता येतो अशा) प्रोजेक्टमध्ये मी २०१८ पासून तीन वर्षं काम केलेलं, आणि ह्याच अर्ध्या र वरची माझी पुल रिक्वेस्ट (माझे बदल घ्या अशी विनंती) अर्धवट टाकून मी गेलेले.

थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुसऱ्या, पायऱ्या, वऱ्हाड ह्या शब्दांतला तो आडवा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या मानकात) ०९३१, त्याचा पाय मोडायचा आणि पुढं य किंवा ह (इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाईप करणारे शिफ्ट धरून जे दाबतात ना, तोच हा). दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, पाय मोडलेला, आणि त्याच्यामागं झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक चिन्ह जे डोळ्याला दिसतच नाही. युनिकोडला दोन्ही चालतात, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, दऱ्या आणि दर्‍या, पण शब्दकोशाला हे दोन वेगळे शब्द. आणि ते न दिसणारं चिन्ह काढून टाकलं की र उडी मारून डोक्यावर जातो, रफार होतो, दर्या होतं.

आमच्या शब्दकोशात तेव्हा सगळे शब्द जॉइनरवाले होते. इनस्क्रिप्टवर बरोबर टाईप करणाऱ्याला उगाच लाल रेघ यायची, म्हणून २०२१ मध्ये मी एकेक शब्द ऱ घालून दुसऱ्यांदा लिहायला घेतलेला. काही शे शब्द झाले होते.

मग जुलैचा पूर आला. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, त्या अनुभवामुळं ह्या वेळी आम्ही मशिनं, कागद, शाई सगळं आधीच माळ्यावर चढवलं, पण माझा लॅपटॉप टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिला. दुकान तेव्हा मारुती चौकाच्या बाजूला होतं, सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. गाळ काढण्यात ऑगस्ट गेला, मग दुकान विश्रामबागला पहिल्या मजल्यावर हलवलं, मग कर्ज, मग आईचं आजारपण, आणि एकदा सहा महिने गेले की माणसाला परत तोंड दाखवायची लाज वाटायला लागते. प्रोजेक्टच्या मेल येत होत्या, त्या मी वेगळ्या फोल्डरला पाठवून दिल्या आणि तो फोल्डर कधी उघडला नाही.

जानेवारीत त्या रात्री उघडला. माझ्या पुल रिक्वेस्टखाली मेंटेनरचा, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचा, एक प्रश्न होता, तारीख २१ जुलै २०२१. हे सगळं आयकॉन्व्हनं होईल का, म्हणजे प्रत्येक शब्द दोनदा लिहायला लागणार नाही? एवढाच (आयकॉन्व्ह म्हणजे काय ते पुढं सांगते). त्याखाली काही महिन्यांनी बॉटचा (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेसेज, हालचाल नाही म्हणून बंद करतोय. मी तो प्रश्न तेव्हा वाचलाच नव्हता आणि त्यांनी किती दिवस वाट बघितली असेल ह्या विचारानं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद झालं की बसायचं असं ठरवलं. लॅपटॉपबरोबर जुना क्लोन, म्हणजे प्रोजेक्टची माझ्याकडची प्रत, गेलेला, म्हणून नव्यानं क्लोन केला, तर मास्टर ब्रँच (कामाची मुख्य शाखा) नाहीच, तिचं नाव मेन झालेलं. प्रोजेक्ट जिथं ठेवलाय त्या गिटहबच्या वेबसाईटवर लॉगिन झालं पण टू फॅक्टर चालू करायला लागलं. फोर्कवर (गिटहबवरच्या माझ्या स्वतःच्या प्रतीवर) बदल पुश करायला, म्हणजे चढवायला गेले तर पासवर्ड घेईना, तीनदा टाकला, मला वाटलं विसरले, मग शोधल्यावर कळलं की गिटहबनं १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी (बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) पासवर्ड बंदच केलाय, टोकन नाहीतर एसएसएच की (ओळख पटवायच्या ह्या दोन तऱ्हा) पाहिजे. म्हणजे आम्ही फावड्यानं गाळ ओढत होतो त्याच दिवसांत हे झालेलं. माझी जुनी की लॅपटॉपबरोबर पुरात गेली होती, नवीन केली, जुनी अकाउंटवरून काढून टाकली. ज्यांना परत यायचंय त्यांनी हे आधी उरकून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे पण मध्येच आडवं आलं की सगळा उत्साह जातो.

माझी जुनी ब्रँच फोर्कवर शाबूत होती. ती रिबेस करायला, म्हणजे प्रोजेक्टच्या आजच्या रूपावर बसवायला घेतली आणि कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या बदलांचा डोंगर उभा राहिला, फाईलींची नावं, फोल्डर, ओळींचा क्रम सगळं बदललेलं. दोन रात्री घालवल्यावर ती सोडून दिली. मला जड गेलं ते, कारण एकेक शब्द मी हातानं घातलेला. त्यापेक्षा माझ्या मागं काय काय झालं ते गिट लॉगमध्ये जुलै २०२१ पासून एकेक कमिट (नोंदवलेला बदल) वाचत आले, आणि मला वाटतं ह्या सगळ्यात तेच सगळ्यात उपयोगी पडलं, कारण तिसऱ्या रात्री दर्या सापडला.

एका कॉलेजच्या मुलानं साफसफाईची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिलेली. दुबार नोंदी, शेवटच्या मोकळ्या जागा, आणि न दिसणारी चिन्हं काढून टाकायची. कामाची स्क्रिप्ट होती, बराच कचरा तिनं काढलेला, पण न दिसणाऱ्या चिन्हांत जॉइनरही गेला. वऱ्हाडचं वर्हाड झालं. आणि नुसती शब्दांची यादी नाही, प्रत्ययांच्या फाईलवरही ती फिरलेली. हे स्पेलचेकचं इंजिन म्हणजे हनस्पेल, ते मुळात हंगेरियन भाषेसाठी लिहिलेलं, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम सगळ्यांत तेच आहे. हंगेरियनमध्येही शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागतात त्यामुळं मराठीला बरं पडतं. शेतकरी हा एकच शब्द यादीत ठेवायचा आणि नियम लिहायचा की शेवटचा री काढ, ऱ्या लाव, ऱ्याला लाव, ऱ्यांना लाव. त्या नियमातच ऱ्या चा र्या झाल्यावर शेतकऱ्याला हा शब्दच चुकीचा ठरायला लागला. सांगलीत बसून शेतकऱ्याला खाली लाल रेघ बघणं मला सहन होईना.

आधी मला त्या मुलाचा राग आला, खोटं कशाला बोलू. पण माझी पुल रिक्वेस्ट पूर्ण झाली असती तर ऱ वाले शब्द यादीत असते आणि त्याच्या स्क्रिप्टनं काही बिघडलं नसतं.

दुरुस्ती सरसकट बदलानं होत नाही, कारण सूर्य, कार्य, मर्यादा, पर्याय हे रफारवाले बरोबरच आहेत. पण गिटमध्ये जुनं काही पुसलं जात नाही. त्या कमिटचा डिफ (आधी काय होतं, नंतर काय झालं ते) काढला, ज्या ओळींतून जॉइनर गेला त्या सगळ्या मिळाल्या, तिथं आता सरळ ऱ घातला. त्यानंतर नव्यानं भरलेले शब्द मात्र हातानंच बघायला लागणार होते, त्यातले र्य आणि र्ह वाले वेगळे काढून त्यांचं प्रिंट काढलं आणि आप्पांच्या टेबलावर ठेवलं. आप्पा चाळीस वर्षं प्रूफं तपासतायत. लाल पेन घेऊन बसले आणि म्हणाले, "सुर्या म्हणजे काय गं, सुरीचं अनेकवचन का सूर्याला हाक मारलीय?" मी म्हटलं सुरीचं. त्यांनी र वर गोल केला.

मग तो जुना प्रश्न. आयकॉन्व्ह म्हणजे शब्द तपासण्याआधी हनस्पेल त्यात अदलाबदल करून घेतं, जॉइनरवाला र आला की त्याच्या जागी ऱ धर, असं एका ओळीत सांगता येतं. यादीत एकच रूप ठेवायचं, टाईप करणाऱ्यानं कुठलंही करावं. २०२१ ला मला हे माहीतच नव्हतं. ओळ लिहिली, टेस्ट चालवली तर धर्म, सूर्य, वर्ग सगळे चुकीचे. तासभर काही सुचेना. शेवटी फाईलचे बाइट (अक्षरं ज्या आकड्यांत साठवली जातात ते) उघडून बघितले तर ई२ ८० ८डी हे तीन बाइट, म्हणजे तो जॉइनरच, तिथं नव्हता, दुकानाच्या कॉम्प्युटरवरून घरी कॉपी करताना कुठंतरी गळून पडलेला. त्यामुळं प्रत्येक रफाराचाच आडवा र होत होता. त्या दिवसापासून अशा ओळी मी डोळ्यांनी तपासत नाही, बाइटच बघते.

पुल रिक्वेस्ट टाकताना माफीचा भला मोठा मजकूर लिहिला, पूर, लॅपटॉप, आई सगळं, आणि मग खोडला. तीन ओळी ठेवल्या, जुन्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे, काय बिघडलंय, कसं दुरुस्त केलंय. चार दिवस काही आलं नाही आणि ते चार दिवस मी दर तासाला फोन बघत होते. पाचव्या दिवशी मेंटेनरचं उत्तर आलं, मराठीतच. "ताई, परत आलात, बरं वाटलं. ॲचं काम वेगळं काढाल का?" कारण मी त्याच्यातच ॲ आणि अॅ ची जोडी पण घुसवलेली (युनिकोडमध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ ला आलं, त्यामुळं आधीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊन लिहिलेलं सापडतं), आणि आयकॉन्व्हच्या ओळींच्या वर त्या किती आहेत तो आकडा असतो, तो १ चा २ करायचा राहिलेला. वेगळं काढलं. त्या स्क्रिप्टवाल्या मुलानं स्वतःहून टेस्ट लिहून दिली, दर्या आणि दऱ्या दोन्ही बरोबर आले पाहिजेत, दर्याखोर्यांत चुकीचं आलं पाहिजे, आणि स्क्रिप्टमध्ये जॉइनरला हात लावू नये अशी सोयही केली.

मर्ज झाल्यावर, म्हणजे माझे बदल प्रोजेक्टमध्ये घेतले गेल्यावर, नवीन फाईल दुकानातल्या दोन्ही मशिनवर टाकली, त्या मुलीला शेजारी बसवून माहितीपत्रक परत उघडलं. दऱ्याखोऱ्यांत खाली काही नव्हतं. तिनं मुद्दाम दर्याखोर्यांत टाईप करून बघितलं, लाल रेघ आली, राईट क्लिक केल्यावर बरोबर शब्द सुचवला.

शब्दांची यादी अजून संपलेली नाही. शेवटची पाच पानं आप्पांच्या टेबलावर आहेत, लग्नसराई सुरू झाल्यामुळं दिवसा वेळ मिळत नाही, रात्री जेवणं झाल्यावर एकेक पान होतंय.