चोविसावा आकडा

त्या रविवारी पहिला फोन सकाळी साडेआठला आला. विश्रामबागेतून एक मुलगी बोलत होती, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. "सर, आजचं सुडोकू चुकलंय. एका आकारात पाचला जागाच उरत नाही."

मी म्हटलं, पुन्हा एकदा तपासून बघ.

"एकच उत्तर असतं ना सर? ते धरूनच मी एका घरात पाच ठेवला."

"एकच असतं," मी सांगितलं आणि फोन ठेवला.

आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं हे कोडं माझ्याकडे असतं. नेहमीच्या तीन बाय तीनच्या चौकटींऐवजी यात नऊ वेडेवाकडे आकार असतात, प्रत्येकात नऊ घरं. प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि आकारात एक ते नऊ हे आकडे एकेकदाच यायला हवेत. कोडं तयार येतं, पण त्याच्या रेघा आमच्या कागदावर पसरतात आणि जाड कुठली, बारीक कुठली ते कळेनासं होतं. म्हणून ऑपरेटर चौकट नव्याने काढतो आणि सुरुवातीला दिलेले आकडे हाताने भरतो. प्रूफवर मी प्रत्येक आकाराची घरं मोजतो. त्या गुरुवारीही मोजली. आकडे मात्र उत्तराशी ताडून पाहिले. जे होते ते सगळे बरोबर होते. जो नव्हता तो माझ्या नजरेत आला नाही.

सोमवारी दुपारी एक आजोबा कात्रण घेऊन ऑफिसात आले. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात पस्तीस वर्षं दिवाणजी होते. कात्रणावर पेन्सिलीचे बारीक आकडे आणि काही घरांभोवती लाल गोल. ते गोल बघून मी खुर्ची पुढे ओढली.

"वरच्या तीन ओळी घ्या," ते म्हणाले. "सत्तावीस घरं. प्रत्येक आकडा तीनदा. आता जे तीन आकार बहुतेक याच ओळींत बसतात ते घ्या. त्यांचीही सत्तावीस घरं, तिथेही प्रत्येक आकडा तीनदा. सामाईक घरं दोन्हीकडून वजा करा. या आकारांची दोन घरं खाली चौथ्या ओळीत गेलीत आणि परक्या आकारांची दोन घरं वर घुसलीत. गेलं तेवढंच आलं पाहिजे. नुसती संख्या नाही, आकडेसुद्धा तेच."

वर घुसलेल्या एका घरात सात छापलेला होता. म्हणजे खाली गेलेल्या दोन घरांपैकी एकात सात हवाच. त्यातल्या एका घराच्या स्तंभात सात आधीच बसलेला, म्हणून दुसरं घर पक्कं. इंग्रजीत याला लॉ ऑफ लेफ्टओव्हर्स म्हणतात. मी तो वाचून शिकलो होतो. आजोबांनी नाव कधी ऐकलं नव्हतं, ते त्याला 'येणं-देणं' म्हणत होते. हेच ते स्तंभांवरही करत होते, चार-चार ओळी एकदम घेऊनही. बरेच लोक एकेका घरात कुठला आकडा बसेल एवढंच चाचपत बसतात आणि अशा कोड्यात पाचव्या मिनिटाला अडकतात. इथे आधी आकारांच्या कडा वाचाव्या लागतात.

मग त्यांनी शेवटची चार घरं दाखवली. पाचवी-सहावी ओळ, दुसरा-तिसरा स्तंभ. चारही घरांत तीन नाहीतर आठ. वरखालची दोन घरं एका आकारात, शेजारची दोन दुसऱ्या आकारात. तीन-आठची अदलाबदल केली तरी ओळ बिघडत नाही, स्तंभ बिघडत नाही, आकारही बिघडत नाही. "ताळा दोन्ही बाजूंनी जुळतोय. तुमच्याकडून काहीतरी राहिलंय."

मूळ फाइल उघडली. चोवीस आकडे होते, आम्ही तेवीस छापले होते. गळालेला तीन त्याच चार घरांतल्या एकात होता.

ऑफिसात एका सहकाऱ्याने ऐकवलं, "सतरा आकडे पुरतात म्हणे, तुमचे तेवीस होते." सतराचा तो निकाल साध्या चौकोनी सुडोकूचा आहे. आयरिश गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाने दाखवलं की सतराहून कमी आकड्यांत एकच उत्तर निघू शकत नाही. सतरा असले की पुरतात, असा त्याचा अर्थ नाही. निर्णायक घर रिकामं राहिलं तर साठ आकडे छापूनही उपयोग नसतो. अर्धवट ऐकलेली माहिती घेऊन लोक इतक्या खात्रीने बोलतात याचा मला खरंच त्रास होतो. खुलासा छापायला तीन ओळींची जागा मिळाली, तीही जाहिरातीखाली.

रात्री मूळ आकडा न भरता मी ते कोडं स्वतः सोडवलं. मधल्या टप्प्यावर त्या चार घरांपैकी तिघांत तीन-आठ उरतात आणि चौथ्यात तीन, आठ, पाच. तेव्हा कळलं, त्या मुलीने काय केलं होतं. पाच नसेल तर दोन उत्तरं निघतील, उत्तर तर एकच असतं, म्हणून पाच. जाणकार सोडवणारे वापरतात तीच युक्ती. तिचा तर्क बिनचूक होता, फक्त तो आमच्या छपाईवर उभा होता. आजोबांना मी या युक्तीबद्दल विचारलं होतं. "छापणाऱ्याच्या भरवशावर मी आकडा मांडत नाही," ते म्हणाले होते.

आता प्रूफवर दिलेले आकडेही मोजतो आणि कोडं उत्तर न बघता सोडवतो. पाऊण तास जातो. त्या मुलीचा नंबर ऑफिसच्या फोनवर राहिला नाही. तिने पुन्हा फोन केलेला नाही.