खरकटा हात

घरून सबटायटल्सची कामं करताना खाणंपिणं कसं जमवता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला दोन तऱ्हांनी येतो. सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये म्हणतात, "तुझं काय बाई, घरीच असतेस, गरम गरम खायला मिळत असेल." आणि नोकरी सोडून नुकतीच भाषांतराची, सबटायटल्सची कामं घ्यायला लागलेली पोरं विचारतात, "ताई, एवढ्या डेडलाइन्समध्ये खाण्यापिण्याचं जमवता कसं?" काकूंना मी "हो ना" म्हणते आणि चौथ्या मजल्यावर उतरते. पोरांना खरं सांगायला हवं. ते लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या टेबलापासून सुरू होतं.

२०१८ च्या पावसाळ्यात माझा स्पेसबार अडकायला लागला. सगळेशब्दअसेयायचे. दुरुस्तीवाल्याने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, लॅपटॉप उपडा धरला आणि ब्रशने दोनदा झटकला. वर्तमानपत्रावर पडली बारीक शेव, थोडे तीळ, खारीचे पापुद्रे, डाळ्याची अर्धी फाक आणि एक अख्खी मोहरी. त्याने ती मोहरी चिमटीत धरून उजेडात पाहिली.

"मॅडम, फोडणीपण यातच देता का?"

हसले मी. पण रिक्षात बसल्यावर हिशेब केला, तर त्या आठवड्यात ताट वाढून घेऊन नीट जेवले असे दिवस दोन निघाले. बाकी सगळं त्या कीबोर्डवर झालं होतं.

त्याआधी मी नोकरीत होते, मुद्रितं तपासायचे. तिथे एक वाजला की मागच्या टेबलावर डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज व्हायचा. आम्ही सहा जणी. कुणाचं भरीत, कुणाची शेपूची भाजी (ती कुणीच घ्यायचं नाही, आणणारीसुद्धा), कुणाकडे लिंबाचं मुरलेलं लोणचं. पानं कितीही तुंबलेली असोत, एकला उठायचंच. कुणी बसून राहिलं तर दुसरी येऊन पेन काढून घ्यायची. २०१६ मध्ये मी राजीनामा दिला तेव्हा पगार जाणार हे कळत होतं. आपल्या हातातलं पेन काढून घेणारं माणूसही जाणार, हे कळलं नाही.

पहिले दोन महिने थाटात गेले. सकाळी अकराला थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. मग कामं वाढली आणि "एवढा सीन संपवते नि उठते" सुरू झालं. सीन काही संपत नाही. एक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, यंत्राची सोयच तशी आहे. त्यात कामं देणारे निम्मे लोक अमेरिकेतले. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात झालेले असतात. म्हणजे आपण कुकर लावायचा त्या वेळेला त्यांची पहिली ईमेल. शाळेत तास चालू असताना बाकाखाली डबा उघडून चोरून खायचो, तशी माझी दोन वर्षं गेली. फरक इतकाच की फळ्यासमोरच्या बाईही मीच होते.

आणि खायचे काय, तर एका हाताने खाता येईल ते. खारी, बिस्कीट, फरसाण, चिवडा. भूक लागली म्हणून खाते आहे असं तेव्हा वाटायचं. पुढे नीट पाहिलं तर हात बरणीकडे जायचा तो वाक्य अडलं की. एकदा एका पात्राला कुणीतरी कॉफी विचारतं आणि तो म्हणतो, 'आय ॲम गुड'. मी लिहिलं, "मी ठीक आहे." तोंडात मूठभर फरसाण टाकलं. "मी बरा आहे." आणखी मूठभर. बरणीचा तळ दिसायला लागला तेव्हा कुठे सुचलं, "नको, राहू दे." पाव किलोला एक ओळ हा भाव काही परवडणारा नाही.

त्याच वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली. वजनाने असेल असं धरून मी आणखी एक जेवण बंद केलं, म्हणजे शहाणपणाची कमाल. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "चहा किती?" मी म्हटलं, चार. डॉक्टर गप्प बसले. मी म्हटलं, सात. "आणि कधी कधी?" आता कधी म्हणजे काय, सतत. जेवणाआधी, जेवणाबरोबर, जेवणाऐवजी.

चहातली टॅनिन्स अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात, मग ते अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हेच आहे: चहा-कॉफी जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास नको. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको, असंही त्यात आहे. कपभर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम धरलं तर माझे सात कप २१० ते ४५५ मिलिग्रॅम, म्हणजे चहा कडक असेल तर सीमेच्या बरेच पलीकडे. शिवाय कॅफीन अंगातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री नऊच्या चहाने काम होतं खरं, पण दोन वाजता छताकडे बघत पडावं लागतं, आणि छताकडे बघताना चिवडा आठवतो.

मग डाएट. ते दीक्षित की दिवेकर असे वाद हॉलमध्ये रंगण्याचे दिवस होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदा जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला भिऊ नका. आमच्या घरी काका एका पक्षात, आत्या दुसऱ्या, आणि दोघं एकाच लग्नाच्या पंगतीत शेजारी. मी दोन्ही करून पाहिलं. दोनदा जेवायचं ठरवलं तर दुसरं जेवण रात्री साडेअकराला व्हायचं. दोन तासांनी खायचं ठरवलं तर गजर वाजायचा तो नेमका कॉलवर असताना. कोण बरोबर, यात मी पडत नाही. पण आपण शेवटचं कधी खाल्लं एवढं तरी माणसाला आठवेल, असं दोन्ही पद्धती धरून चालतात, आणि माझं तिथेच अडत होतं.

गाडी रुळावर आणली ती आईने, आणि तेही काही सांगून नाही. ती साताऱ्याहून आठ दिवस राहायला आली होती. दुपारी मी टेबलाशीच बसलेली पाहून तिने वरणभाताचं ताट तिथे आणून ठेवलं. मी चमचा मागितला. "आजारी आहेस का? वरणभात चमच्याने खातात?" झालं. मी हाताने कालवायला घेतलं. दुसऱ्या घासाला स्क्रीनवर निरोप आला, तिसऱ्याला आणखी एक. आणि माझा उजवा हात तुपावरणाने मनगटापर्यंत नसला तरी पेरांपर्यंत नक्कीच भरलेला. कीबोर्डला लावायची सोय नाही. नुकतेच त्याच्या सफाईचे पैसे मोजलेले. मग करायचं काय, तर जेवायचं. मी लिंबाची फोड पिळली, लोणच्याची फोड चोखली, समोरच्या गुलमोहरावर खारूताई होती ती पाहिली. दहा-बारा मिनिटं लागली असतील. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बरणी उघडली नाही, हे रात्री झोपताना लक्षात आलं.

तेव्हापासूनचा नियम एवढाच: हात खरकटा होईल असंच खायचं. जेवण असो की मधल्या वेळचं, टायपिंग करता करता खाता येणारी वस्तू पहिल्यांदा बाद. खारी बाद, बिस्कीट बाद, सँडविच बाद. पौष्टिक म्हणून विकत मिळणाऱ्या चपट्या वड्याही बाद, त्यांच्या वेष्टनावर काहीही लिहिलेलं असो.

मधल्या वेळेला सगळ्यात भरवशाचे म्हणजे लावलेले पोहे. गॅससुद्धा पेटवावा लागत नाही. पातळ पोहे चाळून पसरट पातेल्यात घ्यायचे, दोन मुठी. त्यावर चमचाभर कच्चं तेल, तिखट, मीठ, किंचित साखर आणि मेतकूट सढळ हाताने. मग बोटांनी हलक्या हाताने कालवायचं. दाबायचं नाही, पोहे मोडतात. तेल सगळीकडे लागलं की त्यांचा रंग बदलतो आणि मेतकुटातल्या हिंग-मेथीचा वास वर येतो. शेवटी बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू. लिंबू चवीपुरतं नाही हं, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागायला मदत होते, आणि माझी ती जुनी उधारी आहे. हे लगेच खावं लागतं. पाच मिनिटं ठेवलंत तर कांद्याच्या पाण्याने पोहे सादळतात. म्हणजे हातही खरकटा आणि वर घाईही, पण ही घाई पोह्यांची, क्लायंटची नव्हे.

उरलेल्या पोळ्यांचं काय, तर फोडणीची पोळी, आमच्याकडे तिला माणिकपैंजण म्हणतात. पोळ्या मी करत नाही. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येतात, आणि याबद्दल काकूंना काय वाटतं ते मला लिफ्टमध्ये कळलेलं आहे.

मटकीचं मात्र मी मनावर घेतलं आहे. रविवारी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायची, सोमवारी दुपारपर्यंत मोड. थंडीत जास्त वेळ घेते, पण फसवत नाही. 'आज पैसे टाकतो' म्हणून पंचेचाळीस दिवस लावणाऱ्यांपेक्षा तिचा शब्द पक्का. तिची उसळ दोन दिवस पुरते आणि भाकरीबरोबर खाल्ली तर चमच्याचा प्रश्नच येत नाही.

शेंगदाण्यांच्या बाबतीत मी फसले होते, ते सांगायला हवं. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं, हे वाचून मी फरसाणाच्या बरणीत भाजलेले दाणे भरले. पण त्याच १०० ग्रॅमात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, हे त्याच ओळीत पुढे लिहिलेलं होतं. बरणी तीच, जागा तीच, अडलेली वाक्यंही तीच. आता दाणे स्वयंपाकघरात फळीवर, सालासकट. खायचे तर उठायचं, मूठभर घ्यायचे, गॅलरीत उभं राहून सालं फुंकायची. लॅपटॉपसमोर सालं फुंकून बघा एकदा.

हे सगळं वर्षभर जमतं असं नाही. मार्चअखेरीला सगळी कामं एकदम येतात तेव्हा मी उभ्याने जेवते, एकदा तर कुकरमधूनच जेवले आहे. रात्री बाराला अजून चाळीस मिनिटांचा भाग उरलेला असेल तर मऊ भात, तूप, मेतकूट. पोटाला त्रास नाही, आणि हात धुवायला उठावंच लागतं. बाहेरून मागवणं सोडलेलं नाही. फक्त मागवताना ते किती मिनिटांच्या सबटायटल्सचं आहे, हे मनात मोजते. काही पदार्थांची किंमत मोजल्यावर भूक जाते. बिर्याणीच्या बाबतीत जात नाही.

हिमोग्लोबिन आता १२.१ आहे. गोळ्यांचा त्यात मोठा वाटा, उगाच श्रेय घेत नाही. चहा तीन.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी एक वाजून दहा मिनिटं, ताटात आमटीभात, आणि फोन वाजला. नेहमी कामं देणारे एक गृहस्थ, ज्यांना "अर्जंट" याखेरीज दुसरं विशेषण येत नाही. मी डाव्या हाताच्या करंगळीने स्पीकर लावला.

"मॅडम, फाइल पाठवलीय. आत्ता उघडता का?"

"जेवते आहे," मी म्हटलं. "हात खरकटा आहे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग एकदम वेगळ्याच, घरातल्या आवाजात ते म्हणाले, "अरे, जेवा जेवा. सावकाश. काय केलंय आज?"

"चिंचगुळाची आमटी."

"वा," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "मी पण जेवलो नाहीये अजून."