तीच केबल, तोच काटा

रात्री साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून फोन आला तेव्हा क्लार्क म्हणाला, "कॉम्प्युटर मेला." तो मेला नव्हता. स्क्रीन चालू, माउस चालू, काट्याचं सॉफ्टवेअर उघडं, नेटसुद्धा चालू. फक्त वजनाच्या चौकटीत शून्य होतं आणि ते शून्य काही केल्या हलत नव्हतं. २०२३-२४ चा गळीत हंगाम, जानेवारी महिना. कारखान्याचं नाव लिहीत नाही. सांगलीहून मोटरसायकलनं तासाभराच्या अंतरावर आहे आणि तिथल्या कॉम्प्युटरांची देखभाल माझ्याकडं आहे, एवढं पुरे.

ज्यांनी कधी ऊस घातलेला नाही त्यांना काटा अडणं म्हणजे काय ते कळायचं नाही. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, मग गव्हाणीकडं जाते. रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते, रिकामं वजन होतं, तेव्हा पावती निघते. म्हणजे काटा अडला की भरलेल्या गाड्या आत जाईनात आणि रिकाम्या बाहेर पडेनात. तोडलेला ऊस तासातासाला वाळतो, ते वजन शेतकऱ्याच्या खिशातून जातं. तोडणीची मजुरी टनावर, वाहतुकीचं बिल टनावर. बीडकडून आलेली टोळी पहाटे फडात हजर पाहिजे, आणि त्यातला गाडीवान इथं काट्याच्या रांगेत. मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टरांची रांग गेटच्या बाहेर गेली होती आणि गाडीतळावर बैलं भरल्या गाडीचं जू मानेवर घेऊन तशीच उभी होती.

वजन होत नव्हतं असंही नाही. जमिनीखालचे लोडसेल, म्हणजे वजन जोखणारे सेन्सर, ठीक होते. टेबलावरचा इंडिकेटर, म्हणजे लाल आकड्यांची ती पेटी, वजन बिनचूक दाखवत होती. वैधमापनचं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, सील त्या पेटीला असतं, कॉम्प्युटरला नसतं. क्लार्कनं सुचवलं की आकडा बघून हातानं पावत्या लिहू. त्याचा हेतू साफ होता. पण रांगेतले शेतकरी एकदम उसळले. "हातानं लिवलेली पावती आमास्नी नको." बाहेरचा मोठा आकडेफलक पावसाळ्यात पाणी शिरून गेला होता आणि तो कुणी दुरुस्त केला नव्हता. त्यामुळं वजन फक्त केबिनमध्ये बसलेल्या माणसाला दिसत होतं. आमच्या भागात काटामारीवरून आंदोलनं झालेली आहेत, गाड्या अडवल्या गेल्या आहेत. अशा ठिकाणी अंधारात, बंद काचेआड, हातानं लिहिलेल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवील? म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये वजन कीबोर्डनं टाकायची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते. ते बरोबरच आहे.

इंडिकेटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक वायर असते. इंडिकेटर त्या वायरीतून सेकंदाला कितीतरी वेळा एक छोटी ओळ पाठवत राहतो आणि कॉम्प्युटर ती ऐकतो. पूर्वीच्या कॉम्प्युटरला त्यासाठी नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असायचा. आताच्या मशीनला तो नसतो, म्हणून मध्ये यूएसबीची कन्व्हर्टर केबल लावतात. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलींत बऱ्याचदा नकली किंवा मूळ कंपनीनं कधीच बंद केलेली चिप असते. इथं तीच होती. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर पोर्टच्या नावापुढं पिवळा त्रिकोण, खाली एरर कोड १०, आणि ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा, असा मजकूर.

त्या दिवशी संध्याकाळी विंडोजनं स्वतःहून अपडेट घेतलं होतं आणि त्याबरोबर केबलचा नवा ड्रायव्हरही, म्हणजे केबल चालवणारा छोटा प्रोग्रॅमही, उतरवला होता. जुना ड्रायव्हर चिप कुणाची आहे हे विचारत नव्हता. नवा विचारतो, आणि उत्तर आवडलं नाही की केबल उघडतच नाही. दुपारपर्यंत हजारो टन ऊस मोजलेली केबल संध्याकाळी नालायक ठरली. केबलीत काही बिघडलं नव्हतं.

हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, पण माझ्या मागं दारात उभ्या असलेल्या माणसांना ते कसं कळणार? मी बाहेरून आलेला, मध्यरात्री काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये हात घालणारा. एक वयस्कर शेतकरी, डोक्याला मफलर, थेट केबिनमध्ये आले. "काय घालाय लागलास रं त्यात? आमचं वजन तरी बरोबर येणार का न्हाई?"

माझ्या बॅगेत डेबियनचा पेनड्राइव्ह कायम असतो. डेबियन म्हणजे लिनक्सची एक आवृत्ती, आणि लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम. मशीन त्याच्यावरून चालू केलं. हार्डडिस्कला, विंडोजला, सॉफ्टवेअरला हातही लावला नाही. लिनक्समध्ये या केबलचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतो. तो आतून येतो, कुठून डाउनलोड होत नाही, आणि चिप असली की नकली यावरून अडून बसत नाही. पोर्ट लगेच दिसला. स्पीड इंडिकेटरच्या स्पीडला जुळवला, २४००, आणि पोर्टवर जे येईल ते जसंच्या तसं स्क्रीनवर सोडलं.

ओळी धावायला लागल्या. काट्यावर एक भरलेला ट्रॅक्टर उभा होता. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं, मग अधिकचं चिन्ह, मग सात आकडी वजन, शेवटी केजी. ट्रॉली डुलत असेपर्यंत सुरुवातीला यूएस येत होतं, म्हणजे वजन अजून हलतंय. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा आकडा थोडा कमी झाला, चार-पाच ओळी यूएसच्याच आल्या, आणि मग एसटी, म्हणजे वजन स्थिर. त्यानंतर एकाखाली एक तोच आकडा. मी त्यांना म्हटलं, "आबा, पेटीवरचा आकडा वाचा आणि इथला वाचा." त्यांनी बोट ठेवून दोन्ही वाचले. मग दाराकडं वळून मोठ्यानं सांगितलं, "जुळतंय." मी इतकी वर्षं हे काम करतो, पण वीसेक माणसं श्वास रोखून सिरियल पोर्टचा कच्चा डेटा वाचताहेत हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेच मशीन, तीच केबल, तोच काटा, एकाच रात्री. विंडोज आणि लिनक्सची इतकी स्वच्छ तुलना प्रयोगशाळेतही सहसा जमत नाही.

पण पावती काढायची तर सॉफ्टवेअर विंडोजचंच लागतं. परत विंडोजमध्ये आलो, नवा ड्रायव्हर काढला, २००८ सालचा जुना बसवला, ड्रायव्हर आपोआप उतरवायची सेटिंग बंद केली. काटा चालू झाला. रांग सरकायला लागली.

विंडोज अस्थिर आहे, असं मी या प्रकरणावरून म्हणणार नाही. सिस्टिम कोसळल्यावर येणारा निळा पडदा ही विंडोज एक्सपीच्या काळातली रोजची गोष्ट आता क्वचित दिसते. आणि विंडोजची एक ताकद मान्य करायलाच हवी. हे काट्याचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं आहे, म्हणजे १९९८ सालची भाषा, आणि ते आजच्या विंडोजवर मुकाट चालतं. लिनक्सवर इतका जुना, बांधून दिलेला प्रोग्रॅम नव्या लायब्ररींशी बहुधा भांडतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा कर्नलपुरता कडक नियम आहे की वरती चालणारं सॉफ्टवेअर मोडायचं नाही. पण कर्नलच्या बाहेर तो नियम पाळायला सगळे बांधलेले नाहीत.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ज्यानं हे मशीन कारखान्याला पुरवलं त्यानं त्यात विंडोज १० ची होम आवृत्ती टाकली. प्रो असती तर अपडेटबरोबर ड्रायव्हर घेऊ नको असं धोरण लावता येतं, मासिक अपडेट तीस दिवस आणि मोठं अपडेट वर्षभर लांबवता येतं. होममध्ये यातलं फारसं काही हातात राहत नाही. अॅक्टिव्ह अवर्स म्हणून एक सोय आहे, त्या वेळात मशीन स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. पण ती जास्तीत जास्त १८ तासांची. साखर कारखाना तीन पाळ्यांत २४ तास चालतो. उरलेले सहा तास कोणाचे? खरेदी करणाऱ्यानं दोन आवृत्त्यांमधला किमतीचा फरक पाहिला, काट्यावर काय चालतं ते पाहिलं नाही. ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, दवाखान्यात हेच चाललेलं दिसतं आणि प्रत्येक वेळी मला तितकाच संताप येतो.

रीस्टार्ट लागतोच का, असं लोक विचारतात. विंडोजमध्ये वापरात असलेली फाइल सहसा कुलूपबंद असते, तिच्या जागी नवी ठेवायला आधी सगळं बंद करावं लागतं. लिनक्समध्ये फाइलचं नाव आणि तिचा मजकूर वेगवेगळे बांधलेले असतात. नवी फाइल त्या नावावर बसते, आणि चालू असलेला प्रोग्रॅम जुना मजकूर धरून काम संपवतो. कर्नल बदलला तर रीस्टार्ट तिथंही लागतो. फक्त तो केव्हा घ्यायचा हे मशीनजवळचा माणूस ठरवतो. अर्थात लिनक्समध्येही सगळे सारखे नाहीत. उबंटू या दुसऱ्या लिनक्समधली स्नॅप पॅकेजेस, म्हणजे बांधून दिलेले प्रोग्रॅम, स्वतःहून बदलतात, आणि ती कायमची थोपवायची सोय बरीच वर्षं नव्हती. म्हणून काट्यासारख्या जागी मी डेबियन स्टेबल घेतो. त्यात आवृत्त्या गोठवलेल्या असतात, येतात त्या प्रामुख्यानं सुरक्षेच्या दुरुस्त्या.

त्या रात्रीनंतर मी जी मांडणी केली तिचा मला अभिमान आहे. भंगारात निघालेला एक कोअर टू ड्युओ घेतला, त्याच्या मदरबोर्डवर खरा नऊ पिनांचा पोर्ट होता. त्यावर डेबियन टाकलं, स्क्रीन काढून टाकला. इंडिकेटरची वायर आता त्यात जाते. सेर-टू-नेट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम ती ओळ जशीच्या तशी नेटवर्कवर देतो, विंडोजच्या मशीनवर एक आभासी कॉम पोर्ट, म्हणजे प्रोग्रॅमनं उभा केलेला सिरियल पोर्ट, ती घेतो, आणि जुन्या सॉफ्टवेअरला वाटतं की वायर अजून आपल्यालाच जोडलेली आहे. नकली केबल गेली. विंडोजचं अपडेट आता त्या वायरीपर्यंत पोचू शकत नाही. शिवाय इंडिकेटरकडून आलेली प्रत्येक ओळ वेळेसकट डेबियनच्या या पेटीत नोंदली जाते. माझा नियम एकच: बॉयलर अग्निप्रदीपन झालं की हंगाम संपेपर्यंत त्या मशीनला हात लावायचा नाही. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, ते मी दिवाळीच्या आत, काटा बंद असताना, सावकाश बसवलं.

त्याआधी १९ जुलै २०२४ ला जगभर विंडोजची सुमारे ८५ लाख मशीनं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या फाइलनं बंद पडली, आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मूळ चूक विंडोजची नव्हती. सुरक्षेसाठी म्हणून कर्नलमध्ये बसवलेल्या दुसऱ्याच्या प्रोग्रॅमची होती. पण कितीतरी ठिकाणी माणसाला प्रत्येक मशीनजवळ जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल हातानं काढावी लागली. बातमी वाचताना मला गाडीतळावरची बैलं आठवली. तिथंही मशीन वापरणाऱ्यांनी काही केलं नव्हतं.

नोंदीवरून मात्र कारखान्यात कुरबुर झाली. एका अधिकाऱ्यानं विचारलं, "ही नोंद ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, बिघाड शोधायला लागते. ते म्हणाले, काढून टाका. मी म्हटलं, लेखी द्या. लेखी आलं नाही, नोंद चालू आहे.

आणि खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न मला अजून सोडत नाही. डेबियनच्या त्या पेटीचा रूट पासवर्ड, म्हणजे सगळे अधिकार देणारा पासवर्ड, माझ्याकडं आहे. तिथं माझ्यावर कुणी नाही. ज्याच्यासाठी मी लिनक्स आणलं तो ताबा पूर्णपणे आला, पण तो आला माझ्याकडं. आबांनी बोट ठेवून वाचलेल्या ओळी मीच त्यांना दाखवल्या होत्या. ज्याला त्या दाखवता येतात त्याला त्या बदलताही येतात, आणि हे काट्यावरच्या कुणाच्या लक्षात आलेलं नाही. क्लार्कला चालू-बंद करण्यापलीकडं काही येत नाही. शिकवायला मी तयार आहे, पण दर हंगामाला क्लार्क बदलतो.

आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मदत संपली. काट्यावरचं मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. म्हणून नवीन मशीन यायचंय, आणि सॉफ्टवेअरवाला म्हणतो की त्याची नवी आवृत्ती इंडिकेटर थेट वाचेल, मधली पेटी काढा. मी कारखान्याच्या शेती खात्याला एक पानी कागद दिला आहे. नवीन मशीन प्रो आवृत्तीचं घ्या. मधली पेटी राहू द्या, तिची नोंद रोज रात्री सभासदांच्या प्रतिनिधीकडंही जाऊ द्या. आणि सगळ्यात आधी बाहेरचा आकडेफलक दुरुस्त करा, त्याची वायर सरळ इंडिकेटरमधून काढा. मध्ये विंडोज नको, लिनक्स नको, मी नको. फलकाला खर्च किरकोळ आहे, कोटेशन जोडलंय. कागदावर अजून सही झालेली नाही.