टेबलाखालचं बडोदं

मुलांच्या नजरेतून जग कसं दिसतं ते बघावं, असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला दुपारी झोप हवी होती, एवढंच. मे महिन्यात बडोद्यात जेवून उठलं की डोळे आपोआप मिटतात आणि नेमकी त्याच वेळी पाच वर्षांच्या माणसाला हुशारी चढते. सई सुट्टीला आलेली. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरवून झाल्या, माझ्या पोटावर पत्ते मांडून झाले, बोटाने माझी पापणी उचलून "आजी, तू झोपलीस का?" हेही विचारून झालं. फोन द्यायचा नाही असा तिच्या आईचा हुकूम. शेवटी वायरींच्या डब्यात मुलाचा जुना डिजिटल कॅमेरा सापडला. त्याचा चार्जरही त्याच डब्यात निघाला, हे आमच्या घरात नवलच. नाडी तिच्या मनगटात अडकवली, बटण दाखवलं आणि म्हटलं, "जा, वाटेल त्याचे फोटो काढ. मला हाक मारायची नाही."

चहाच्या वेळेला उठले तर बॅटरी संपलेली आणि कार्डात फोटोंचा ढीग. पहिले सगळे माझ्या पायांचे. टाचांच्या भेगा इतक्या जवळून मीसुद्धा कधी बघितल्या नव्हत्या. मग बाथरूमबाहेरची चप्पल, तीच चप्पल, पुन्हा तीच चप्पल. गॅसच्या नळीचं वळण. फ्रिजखालचा अंधार आणि त्यात चमकणारं काहीतरी. ते आमचं केव्हाचं हरवलेलं चहाचं गाळणं निघालं.

आमच्या लहानपणी कॅमेऱ्याला हात लावणं म्हणजे देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला हात लावण्यासारखं होतं. घरात तो एकट्या काकाकडे. अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री. बडोद्यातच बनायचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये, त्यामुळे काका तो अशा थाटात काढायचा की जणू त्यानेच बनवलाय. करण्यासारखं त्यात फार नसायचं. ऊन की ढग ते ठरवायचं, डोळ्याला लावून खटका दाबायचा, आणि पाठीमागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची. पण एका रोलमध्ये फोटो बाराच! तेवढ्यात दिवाळी, कुणाची तरी मुंज, एखादी डाकोरची ट्रिप आणि शेजारच्या ताईचा 'दाखवायचा' फोटो बसवायचा. त्यामुळे प्रत्येक फोटोआधी घरात चर्चा. आजी म्हणायची, "काढायचाच तर सगळ्यांचा काढ, एकट्या पोराचा कशाला वाया घालवतोस?" आम्हा मुलांच्या वाट्याला कॅमेऱ्याची चामडी केस यायची. ती गळ्यात अडकवून उभं राहायचं. तिला एक वास होता, नव्या बुटांचा आणि काकाच्या तपकिरीचा. तो मला अजून येतो.

काकाचे नियम दोन. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर पाहिजे, आणि मागची इमारत पूर्ण आली पाहिजे. पहिल्या नियमामुळे आमच्या अख्ख्या घराण्याचे डोळे अल्बमभर किलकिले आहेत. नव्या सुनेला ते आमचं आनुवंशिक व्यंग वाटलं तर तिचा दोष नाही. दुसऱ्या नियमामुळे आम्ही कुठेच नीट दिसत नाही. कमाटीबागेच्या दारातल्या काळ्या घोड्यासमोर आमचा एक ग्रुप फोटो आहे. "मागे व्हा, अजून मागे, महाराजांचं पागोटं कापलं जातंय," करत काकाने आम्हाला एवढं मागे रेटलं की घोडा आला, सयाजीराव महाराज आले, चौथरा आला, आणि खाली तिळाएवढी आम्ही. कोण कोण आहे ते आता फक्त मला सांगता येतं, तेही फ्रॉकच्या रंगावरून. फोटो काळापांढरा असला तरी.

त्याच काळ्या घोड्यासमोर मी सईलाही उभं केलं. मोह, दुसरं काय. तिने कॅमेरा वर केला आणि एकदाच बटण दाबलं. घरी येऊन बघितलं तर घोड्याचं पोट. फक्त पोट, आणि वर आभाळाचा एक तुकडा. महाराज नाहीतच. विचारलं तर म्हणाली, "घोडा एवढाच होता."

सुरसागरलाही तेच. तलावाच्या मधोमध 111 फुटांचे महादेव उभे, आणि सईच्या फोटोत कठड्याची जाळी, जाळीच्या सांध्यात अडकलेला शेंगांच्या पुडीचा कागद. खंडेराव मार्केटमध्ये मी कोथिंबिरीचा भाव करत होते तेव्हा ती खाली काय करत होती ते फोटोंतून कळलं. वर आपल्याला दिसतात त्या टोमॅटोच्या राशी, वांग्यांची उतरंड. खाली निराळाच बाजार. गोणपाटावर झोपलेली मांजर, पाणी शिंपडायचा भोकाभोकांचा डबा, भाजीवालीचा अर्धा खाल्लेला रोटला फडक्यात बांधून ठेवलेला, आणि तिचे पाय. एक चप्पल घातलेला, एक तसाच. "ए दीकरी, मारो फोटो पाड ने," असं ती बाई मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाली होती. तिला काय ठाऊक, तिचा काढून झाला होता!

मोठी माणसं या फोटोंत कमरेपर्यंतच आहेत. मुलगा म्हणजे पट्ट्याचं बकल. सून म्हणजे ओढणीचं टोक आणि पर्स. आमचे 'हे' म्हणजे पायजम्याची लोंबणारी नाडी, जी मी लग्न झाल्यापासून आत खोचायला सांगते आहे. क्वचित कुणी खाली वाकलंच तर चेहरा येतो, पण आधी नाकपुड्या.

आणि एक फोटो मला कितीतरी वेळ कळेना. तपकिरी, खरबरीत काहीतरी, त्यावर पेन्सिलीने गुजराती आकडे आणि एक बाण. बाजूला अर्धवट सोललेला स्टिकर, बॅट उगारलेला क्रिकेटपटू, डोकं गेलेलं. कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला, यांना दाखवला. यांनी चष्मा लावून "लाकूड आहे" असा निर्वाळा दिला. मग सईनेच टेबलाखाली बसून वर बोट दाखवलं. आमचं जेवणाचं टेबल! सुताराने घरीच येऊन केलेलं. त्याची मापं अजून तशीच आहेत, पुसायचं कुणाला सुचलंच नाही. आणि स्टिकर माझ्या मुलाचा. भिंतीला, कपाटाला चिकटवले की मी ओरडायचे, म्हणून त्याने ते जिथे माझी नजर जाणार नाही तिथे लावले होते. मी त्या टेबलावर इतकी वर्षं फडकं मारते आहे. वरून.

एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की चार ठिकाणी वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. झाक आंरी लार्तिग नावाचा एक फ्रेंच मुलगा होता, 1894 चा जन्म. वडिलांनी सात-आठ वर्षांचा असतानाच त्याच्या हातात कॅमेरा दिला. 1905 साली त्याने आपल्या खोलीतल्या खेळण्यातल्या मोटारींचा फोटो काढला, तोही कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून. त्यामुळे त्या मोटारी खऱ्याखुऱ्या शर्यतीला निघाल्यासारख्या दिसतात. जगाला त्याचं नाव कळलं ते 1963 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये प्रदर्शन भरलं तेव्हा, म्हणजे गृहस्थ सत्तरीला टेकल्यावर. वेंडी इवाल्ड नावाच्या अमेरिकन बाईंनी तर केंटकीच्या डोंगराळ भागातल्या शाळकरी पोरांना कॅमेरे देऊन सांगितलं, तुमच्या स्वप्नांचे फोटो काढा. त्या पुढे गुजरातेतल्या एका खेड्यातही मुलांना घेऊन हाच उद्योग करून गेल्या. हे वाचून मीही सईला म्हटलं, "तुझ्या स्वप्नाचा फोटो काढ बघू." तिने क्षणभर माझ्याकडे, मी जरा कमी शिकलेली असावी अशा नजरेने बघितलं. मग उशीचा फोटो काढला. "यात आहेत," म्हणाली, आणि गेली खेळायला.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग सुनेने फोटो बघितले. पायांचे, चपलांचे, टेबलाचे फोटो तिने भराभर पुढे सरकवले आणि एका जास्वंदीपाशी थांबली. अंगणातली लाल जास्वंद, जरा तिरकी आलेली, पण स्वच्छ. "अय्या, किती सुंदर! सई, हा तू काढलास?" लगेच तो फोटो घरच्या ग्रुपवर गेला. पुण्याहून मावशीचे अंगठे आले, नागपूरच्या आत्याने टाळ्या पाठवल्या, कुणीतरी 'फ्यूचर फोटोग्राफर' लिहिलं. सई शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशीपासून नुसती फुलं. जास्वंद पुढून, जास्वंद मागून, तगर, शेजारच्यांचा मोगरा, प्लास्टिकचं गुलाब. फुलं संपली तेव्हा ती माझ्याकडे वळली. "आजी, इकडे बघ. सरळ बस. स्माइल कर." मला सांगून हसता येत नाही. आधार कार्डावर, लग्नाच्या अल्बममध्ये, सगळीकडे मी सारखीच दिसते, आत्ताच कुणीतरी पैसे बुडवल्यासारखी. "अशी नको, छान हस," म्हणून तिने तीनतीनदा काढायला लावलं. काकाने तरी एका फोटोत सुटका केली असती.

त्यात तिच्या बापाने तिला डिलीट शिकवलं. कचऱ्याच्या डब्याचं चित्र दिसतं ते दाबायचं. झोपाळ्यावर बसून, पाय हलवत, ती एकेक फोटो बघायची आणि निकाल द्यायची. "यात काही नाहीये." डबा. "हा घाणेरडा." डबा. माझ्या भेगा गेल्या त्याचं दुःख नाही. पण मांजर गेलं, भोकांचा डबा गेला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि पोळी तव्यावर करपत होती. मुलीचे फोटो, मुलीची मर्जी, मी मधे पडणारी कोण?

कार्डाच्या कडेला एक इवलीशी पट्टी असते. नखाने खाली सरकवली की त्यातलं काही पुसता येत नाही. पण मग नवीनही काही काढता येत नाही, असं ते यंत्राचं शहाणपण. रात्री सगळे झोपल्यावर मी ते कार्ड काढलं, पट्टी सरकवली आणि बटणांच्या डबीत टाकून दिलं. सकाळी रावपुऱ्यातून नवीन आणून कॅमेऱ्यात घातलं. पोट आणि टेबल दोन्ही वाचली होती, बाकी किती वाचलं ते मोजत बसले नाही. सईने विचारलं, "जुने फोटो कुठे गेले?" तिचा बाप म्हणाला, "जुना कॅमेरा आहे, होतं असं." मी कुकरची शिट्टी मोजत होते.

नव्या कार्डात जास्वंदीच आहेत सगळ्या. चांगल्या आल्यात, तसं काही म्हणणं नाही.