१२० घोडे अन् तुरीचा कट्टा

माझी स्विफ्ट २०१२ ची, डिझेल. म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं भरतात, मग परत आरटीओत पासिंगला नेऊन उभी करा नाहीतर काढून टाका. गाडी ठणठणीत आहे, त्यातलं ते १.३ चं फियाटवालं इंजिन म्हणजे अर्ध्या देशानं त्याच्यावर संसार केला. पण पुढची कोणती हा विषय घरात निघालाच अन् मी म्हणलं यावेळी जरा पळणारी घ्यायची, चाळिशी आली, आता नाही तर कधी. आबांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "पळून जायचं कुठं तुला?"

प्रश्न बरोबर होता, उत्तर नव्हतं.

मग जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही चौघा मित्रांनी ठरवलं की नुसतं व्हिडिओ बघून भांडण्यापेक्षा गाड्या घेऊनच निघायचं, परभणीवरून गंगाखेड, परळी अन् वर अंबाजोगाई, शंभरेक किलोमीटर. डॉक्टरची आय-२० एन लाइन, ऑटोमॅटिक. मास्तरची अल्ट्रोझ रेसर, २०२४ च्या जूनमध्ये आली तेव्हाच ह्यानं नंबर लावला होता, बॉनेटवर पांढरे पट्टे असलेली गाडी झेडपीच्या शाळेसमोर लावतो अन् पोरं त्याला रेसर सर म्हणतात. बंडूची फ्रॉन्क्स टर्बो. अन् माझी म्हातारी, तुलना करायला. योगेश्वरीचं दर्शन होईल म्हणून आबा पण निघाले, येताना आत्याच्या गावावरून तुरीचा कट्टा, म्हणजे पोतं, आणायचा ही त्यांची अट.

कागदावरचं आधी सांगून टाकतो म्हणजे नंतर मोकळं बोलता येईल. आय-२० एन लाइन, ९९८ सीसी, १२० घोडे म्हणजे हॉर्सपॉवर, १७२ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढायचा जोर. रेसर, ११९९ सीसी, घोडे तेवढेच, टॉर्क १७०. फ्रॉन्क्स १०० घोडे अन् १४७. तिन्ही तीन सिलेंडरच्या, तिन्ही टर्बो, तेव्हा तिन्ही दहा-बारा लाखाच्या घरातल्या. सगळ्यांचं गणित इतकं सारखं कामून, तर सरकारचा नियम, सप्टेंबर २०२५ पर्यंत होता तो. गाडी चार मीटरच्या आत अन् पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत बसलं की २८ टक्के जीएसटी अन् वर एकच टक्का सेस, म्हणजे जास्तीचा कर, लागायचा. हेच व्हर्टस जीटी घ्यायला गेलात, १५०० सीसी अन् साडेचार मीटर लांब, की सेस १७ टक्के, एकूण ४५ पडायचे. म्हणून ह्या सगळ्या बुटक्या गाड्यांमध्ये बारकं इंजिन अन् त्याला टर्बोचा पंप मारलेला. धुराच्या जोरावर पंखा फिरतो, तो पंखा हवा दाबून इंजिनात कोंबतो, म्हणून हजार सीसीचं पोरगं मोठ्या माणसासारखं ओझं उचलतं.

अन् आता गंमत. माझ्या २०१२ च्या डिझेलला घोडे ७५ च आहेत पण टॉर्क १९० आहे, ह्या तिन्ही स्पोर्टी गाड्यांपेक्षा जास्त. हे मी पार्किंगमध्ये बोललो तर मास्तर म्हणाला, "मग बैलाला पण शर्यतीत उतरव." बरं.

गंगाखेडच्या अलीकडं गोदावरीचा पूल येईपर्यंत काही विशेष नाही. सकाळची थंडी, धुकं, रस्ता बरा. पूल ओलांडला अन् पुढं काही वेळात खरी परीक्षा सुरू झाली, म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. गाळपाच्या हंगामात आपल्याकडं गाडी चालवलेल्या माणसाला सांगायची गरज नाही, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मोळ्या दोन्ही बाजूनी हातभर बाहेर लोंबायल्यात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, स्पीड वीस-पंचवीस, अन् ड्रायव्हरच्या टेपचा आवाज असा की हॉर्न देऊन काही उपयोग नाही. समोरून एसटी. तुम्ही पंचविसावर आलात, जागा मिळणार शे-दीडशे मीटर, तेवढ्यात दोन ट्रॉल्या अन् ट्रॅक्टर पार करून परत आपल्या बाजूला यायचं. माझ्या मते मराठवाड्यात स्पोर्टी गाडी म्हणजे एवढंच. शून्य ते शंभर किती सेकंदात ते यूट्यूबवाल्यांना विचारा, आपल्याला पंचवीस ते सत्तर लागतं, ते पण चार माणसं, एसी चालू अन् डिक्कीत सामान असताना.

ह्यात तिन्ही गाड्यांचे स्वभाव कळले. टर्बो पेट्रोल खालच्या आरपीएमला झोपलेली असती, दीड-पावणेदोन हजारापर्यंत काटा गेला की जागी होती. मी मास्तरच्या गाडीत बसलो होतो अन् त्यानं तिसऱ्यातच पाय दाबला, काही नाही, नुसता आवाज, मग दुसरा टाकला अन् एकदम कोणी मागून ढकलल्यासारखी उडाली, मी म्हणलं लेका एसटी येऊलागलीय, तो म्हणला झालं की. खरंच झालं होतं. एकदा ती सवय झाली, ट्रॉलीच्या मागं लागायच्या आधीच दुसरा टाकून ठेवायची, की रेसरसारखी मजा नाही. अन् सहा गिअर आहेत, सहाव्यात शंभरावर निवांत चालती.

डॉक्टरच्या आय-२० त ही कटकट नाही, गिअरबॉक्स सात गिअरची डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाली ऑटोमॅटिक, पाय दाबला की एक क्षण विचार करती, मग दोन गिअर खाली येऊन निघती. तो एक क्षण मला खटकला. डॉक्टर म्हणतो स्टेअरिंगच्या मागं पॅडल कशासाठी दिलेत, आधीच खाली घे. हाव, पण मग ऑटोमॅटिक घेऊन काय उपयोग बाबा. ब्रेक मात्र हिचे एक नंबर, चारही चाकांना डिस्क, अन् स्टेअरिंगला वजन आहे, गाडी हातात आहे असं वाटतं. सायलेन्सरचा आवाज पण थोडा गुरगुरता ठेवलाय, आबा म्हणाले फुटलाय का काय.

बंडूच्या फ्रॉन्क्सला आम्ही सगळे हसत होतो, तिला ना पट्टे ना गुरगुर. पण ती वजनाला हलकी, अन् घोडे वीस कमी असून ओव्हरटेकला ती फार काही मागं नव्हती. अन् दुसऱ्या एका गोष्टीत तिनं सगळ्यांना गप्प केलं ते सांगतो.

आपले रस्ते काळ्या मातीवर बसलेत. पावसाळ्यात माती फुगती, उन्हाळ्यात भेगा पडून बसती, अन् वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं. दिसायला गुळगुळीत रस्ता असतो अन् ऐंशीवर गेलं की गाडी नावेसारखी डोलायला लागती. दुसरं म्हणजे साईडपट्टी. समोरून ट्रक आला की एक बाजू खाली उतरवायची, अन् डांबर संपतं तिथं वीतभर खड्डा, मुरूम वाहून गेलेला. तिसरं गावातले ब्रेकर, जे कोणी केले ते कोणालाच माहीत नसतं, एका रात्रीत गावकरीच टाकतात, ना पट्टा ना पाटी, अन् उंची अशी की म्हैस पण विचार करून ओलांडेल. रेसरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची जागा, १६५ मिलिमीटर, आय-२० चा १७०, फ्रॉन्क्सचा १९०. वीस-पंचवीस मिलिमीटर म्हणजे बोटभर, पण हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात, चार माणसं बसली की गाडी बसती, अन् मग तेवढं बोटभरच कामाला येतं. मागं एका मित्राच्या लांब सेडानचं चेंबर असंच एका गावात फुटलं होतं, रात्री अकराला, ऑइलचा ओघळ शंभर मीटर मागं दिसत होता, तेव्हापासून मी कोणतीही गाडी बघितली की आधी वाकून खाली बघतो, शोरूमवाल्यांना वाटतं काही पडलं का काय.

तर प्रत्येक ब्रेकरला डॉक्टर अन् मास्तर गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवत, आस्तेकदम. बंडू सरळ. पुढं जाऊन टपरीवर थांबायचा अन् आम्ही पोचलो की विचारायचा, "चहा सांगू का, का जेवूनच जाता?"

परळी मागं टाकली की बालाघाटचा डोंगर लागतो, अंबाजोगाईला चढताना छोटासा घाट आहे. दहा मिनिटाचा फार तर. पण तेवढ्यासाठी सगळा अट्टाहास होता. इथं मी डॉक्टरची गाडी घेतली, आबा मागं. खरं सांगू, समृद्धीवर जालन्यावरून चढून मी कितीतरी वेळा गेलोय, १२० ची मर्यादा, नाकासमोर सरळ काँक्रीट, तिथं दोनशे घोड्यांची गाडी असली तरी झोपच येणार. मजा वळणाला असती. वळणाच्या आधी ब्रेक, पॅडलनी खाली, बाहेर पडताना पाय, अन् गाडी दोरीनं ओढल्यासारखी वर. चाळीस-पन्नासच्या वर काटा गेला नाही अन् तरी मी दात काढून हसत होतो. आरशात बघितलं तर आबांनी वरचं हँडल दोन्ही हातानी धरलं होतं अन् ओठ हलत होते. योगेश्वरीचा जप असावा.

वर गेल्यावर विचारलं कशी वाटली. म्हणाले, "खड्डा मोजता येतो हिच्यात." एन लाइनची सस्पेन्शन कडक आहे, एका वाक्यात रिव्ह्यू झाला.

दर्शन, वडापाव, अन् परत.

आत्याकडं कट्टा एकाच्या जागी दोन झाले, वर हुरड्याची पिशवी, बोरं, अन् कोणाला तरी द्यायचा गूळ. आता डिक्कीची परीक्षा. रेसरची ३४५ लिटर, आय-२० ३११, फ्रॉन्क्स ३०८. नव्या स्विफ्टची २६५ च आहे, ती तिथंच कटली. पण लिटर एक अन् कट्टा एक. ह्या हॅचबॅकच्या डिक्कीचा काठ कंबरेला येतो, पन्नास किलोचा कट्टा त्याच्यावरून उचलून आत खोल सोडायचा, काढताना तर त्याहून वाईट, अन् रंगाला चरा पडला की मास्तरचं तोंड बघवत नाही. त्यानं आधी जुनी चादर मागितली आत्याला, काठावर अंथरली, मगच कट्टा टेकू दिला. आत्या म्हणाली, "बाळंतिणीला पण एवढं जपत नाहीत रे." दोन्ही कट्टे बसले मात्र, हुरडा मागच्या सीटवर.

अन् एक गोष्ट जी मला त्या दिवसापर्यंत क्षुल्लक वाटायची. अल्ट्रोझची दारं नव्वद अंशात उघडतात, एकदम काटकोनात. आत्याला गावात सोडायचं होतं, गुडघे दुखतात, ती आधी पाठ करून बसली अन् मग दोन्ही पाय आत घेतले, कोणाचा हात लागला नाही. आय-२० त आबांना दरवेळी कमरेत वाकून, डोकं सांभाळून जावं लागत होतं. आपल्या घरात गाडी घेतो एकटा, बसतं सगळं खानदान, तेव्हा १२० घोड्यांएवढंच हे पण मोजायला पाहिजे.

पेट्रोलचं राहिलं. पेट्रोल महाग कुठं अशी बातमी आली की आपल्या परभणीचं नाव हमखास, कारण टँकर तिकडं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून तीनशेच्या वर किलोमीटर येतो, भाडं आपल्याच बोडक्यावर. त्या दिवशी मीटरवर आय-२० नं तेरा दाखवलं, रेसरनं पण त्याच्याच आसपास, बंडूनं सोळा. बंडूच्या पायात जीव कमी आहे हा भाग वेगळा. माझी म्हातारी वीस. टर्बो पेट्रोलचं असंच असतं, प्रेमानं चालवली की देती अन् मस्ती केली की पिती. अन् त्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं, त्यातलं काही उसाचंच, म्हणजे ज्या ट्रॉलीच्या मागं आपण दहा मिनिटं कुढत होतो तिचाच रस आपल्या टाकीत.

जाता जाता, आपल्या भागाला स्पोर्टी गाड्या काही नव्या नाहीत. संभाजीनगरला शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना २००१ पासून, अन् २००४ ला ऑक्टाव्हिया आरएस आली ती तिथंच जोडलेली, १.८ टर्बो, १५० घोडे. तेव्हा आम्ही कॉलेजला होतो अन् जालना रोडवर एखादी पिवळी दिसली की चहा तसाच ठेवून बाहेर पळायचो. स्वस्त मात्र ती कधीच नव्हती. तेव्हा फक्त बघायच्या होत्या, आता निदान हप्त्यावर घरी आणता येतात.

तर माझं मत. एकटा माणूस, घाटाचा नाद, शहरात राहणं, तर आय-२० एन लाइन, चालवायला तिच्याइतकी गोड दुसरी नाही. रोज खेड्यातून जाणं-येणं असेल तर कोणी कितीही हसो, फ्रॉन्क्स. माझं मन मात्र रेसरवर, पट्टे सोडून. पट्टे मला काही झेपणार नाहीत, आबांना तर नाहीच.

परवा आईला घेऊन रेसरची परत एक टेस्ट ड्राइव्ह मारली. टॉप मॉडेल होतं, पुढच्या सीटला थंड हवेची सोय असलेलं, आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो तेव्हा सनरूफपेक्षा हे कधीही बेस. शोरूमच्या पोरानं मोठ्या कौतुकानं बटन दाबलं. आई दोन मिनिटं गप्प, मग माझ्याकडं वळून हळूच, "अरे, खालून वारं कामून यायलंय? फाटलीय का सीट?"

पोरगं हसू दाबत बाहेर बघत होतं. बुकिंग अजून केलं नाही, दोन्ही कट्टे घरातच आहेत अन् शेतातली तूर पण, भाव बघायलोय.