तुम्ही विचारलंत म्हणून : मणक्याच्या ऑपरेशनने लकवा मारतो का?

हा प्रश्न पेशंट स्वतः क्वचित विचारतो. तो आत पालथा झोपलेला असतो, कमरेवर शेकाचं पॅड असतं, आणि पडद्याबाहेर येऊन हळू आवाजात विचारते ती त्याची बायको, नाहीतर थोरला भाऊ. "मॅडम, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून घ्या. पण मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस परत उठत नाही म्हणतात. खरं काय ते सांगा." सर्जनला विचारलंत का, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, "ते तर करा म्हणणारच."

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालं काय आणि टळलं काय, पेशंट शेवटी माझ्याकडे व्यायामाला येतोच, त्यामुळे माझा यात कुठल्या बाजूने फायदा-तोटा नाही, असं लोकांना वाटत असावं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतून येतात, लासलगावच्या कांद्याच्या खळ्यांवरून येतात, अंबड-सातपूरच्या कंपन्यांतून येतात, दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारी पोरंही येतात. प्रश्न सगळ्यांचा एकच.

दोन मणक्यांच्या मधे जी मऊ गादी असते, ती कमरेत सरकली की काढायचं जे नेहमीचं ऑपरेशन असतं, त्याने दोन्ही पाय जाऊन माणूस अंथरुणाला खिळण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी. आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. शरीराची रचनाच तशी आहे. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू कण्यातून खाली उतरतो, पण तळापर्यंत पोचत नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली असतो तो सुट्या नसांचा झुबका, घोड्याच्या शेपटीसारखा, पाण्यात तरंगत असलेला. आता कमरेच्या गाद्या सरकतात कुठे? शंभरातल्या नव्वदांहून जास्त वेळा अगदी खालच्या दोन जागी. रिपोर्टवर एल फोर-एल फाइव्ह आणि एल फाइव्ह-एस वन असं लिहिलेलं असतं त्या. म्हणजे सर्जनचं हत्यार जिथे चालतं, त्याच्या दोन-तीन मणके वरच मज्जारज्जू संपलेला असतो.

धोका नाहीच असं मात्र कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नसांभोवतालच्या आवरणाला छेद जाऊन पाणी झिरपू शकतं. जंतुसंसर्ग होऊ शकतो. एखाद्या नसेला इजा होऊन पायाचा पंजा कमजोर होऊ शकतो. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची गादी पुढे पुन्हा त्याच जागी सरकते. क्वचित आत रक्त साठून नसांवर दाब येतो. ऑपरेशनच्या रात्री नर्स दर थोड्या वेळाने उठवून "बोटं हलवा, पाय वर ओढा" म्हणते ना, ते त्यासाठीच. नातेवाईक चिडतात, झोपू द्या म्हणतात. चिडू नका.

मग हा समज आला कुठून? प्रत्येकाच्या गावात एक माणूस असतो. "आमच्या भावकीतले एक जण, चालत गेले दवाखान्यात आणि उचलून आणले." मला अशा गोष्टी ऐकायला आवडतात, म्हणून मी खोदून विचारते. विहिरीत पडले होते का? झाडावरून? ट्रॅक्टर उलटला होता? आधी महिनोन्महिने ताप येत होता, वजन उतरलं होतं? बहुतेकदा यातलं काहीतरी निघतंच. मणका मोडून मज्जारज्जूला मार बसला असेल, तर पाय ऑपरेशनच्या आधीच गेलेले असतात. ऑपरेशन करतात ते मोडलेला मणका स्थिर व्हावा, उरलंसुरलं वाचावं म्हणून. मणक्याच्या टीबीचंही तेच. आपल्याकडे तो अजून भरपूर आहे, औषधांनी बरा होतो, पण उशीर झाला की पू आणि खचलेलं हाड मज्जारज्जूला दाबतं. गावाला आठवतं एवढंच की ऑपरेशन झालं आणि माणूस उठला नाही. आधी काय झालं होतं ते गोष्टीतून गळून जातं.

शिवाय काळाचाही फरक आहे. सरकलेल्या गादीने पायाची नस दबते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी छापून मांडलं ते १९३४ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षं मोठा छेद, मोठी चिरफाड आणि मग लांबलचक सक्तीची विश्रांती, अशीच पद्धत होती. आपल्या आजोबांच्या पिढीने जे पाहिलं ते तसलं. सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या छेदातून हे ऑपरेशन करायची पद्धत १९७७ च्या आसपास पुढे आली. आता बहुतेक पेशंट त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उभे राहतात. भीती मात्र जुन्या मापाचीच राहिली आहे.

जाता जाता आणखी एक. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय जाणं, बोबडी वळणं, यालाही लोक लकवाच म्हणतात, पण हे मेंदूच्या रक्तपुरवठ्याचं दुखणं आहे. कमरेच्या गादीशी त्याचा संबंध नाही. तसं झालं तर फिजिओकडे येऊ नका, मोठं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यानंतर आम्ही आहोतच.

ऑपरेशनला घाबरू नका म्हटलं की काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात. "मग उरकूनच टाकतो. रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी गॅप दाखवलाय." इथे मी त्यांना खाली बसवते. एमआरआयचा कागद वाचून कमरेचं भविष्य ठरत नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ठणठणीत लोकांतही शंभरातल्या तिसांची गादी फुगलेली होती, पन्नाशीत साठांची. गादी झिजल्याच्या खुणा तर पन्नाशीत ऐंशी जणांना. केस पिकतात तशा गाद्या वाळतात. बागेत मांडवाखाली वर बघून विरळणी करणाऱ्या बाईच्या मानेचा एमआरआय काढला तर त्यात काही ना काही सापडणारच. सापडलं ते आणि दुखतंय ते एकच आहे का, हे डॉक्टरने पेशंटला हात लावून, पाय उचलून, गुडघ्या-टाचेवर हातोडी मारून ठरवायचं असतं. फिल्म नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून "काय करायचं?" असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

आणि सरकलेली गादी बऱ्याचदा आपली आपण आटते. हे सांगितलं की लोकांना मी थाप मारतेय असं वाटतं. जो तुकडा फुटून पार बाहेर आलेला असतो, रिपोर्टमध्ये भयंकर दिसतो, तोच जास्त वेळा विरतो, कारण शरीर त्याला परका समजून खाऊन टाकतं. नुसती फुगलेली गादी त्या मानाने तशीच राहते. हॉलंडमध्ये सायटिकाने, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेने, हैराण झालेल्या २८३ जणांचे दोन गट केले होते. एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याने थांबायचं, अगदीच सहन झालं नाही तर करायचं. अभ्यास २००७ साली छापून आला. ऑपरेशनवाल्यांच्या पायाची कळ लवकर गेली, यात शंका नाही. थांबलेल्यांपैकी शंभरातल्या चाळीसेक जणांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत शंभरातले ९५ बरे होते. म्हणून माझ्याकडे कुणी "थांबू का करू?" असं विचारलं तर मी उलट विचारते, तुम्हाला किती दिवस थांबणं परवडतं? ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आलेल्या शेतकऱ्याचं उत्तर आणि घरून काम करणाऱ्या मुलाचं उत्तर वेगळं असणार, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

थांबायचं म्हणजे खाटेवर पडून राहायचं, असं नाही. दोन-तीन दिवस कळ उतरेपर्यंत ठीक. पुढे जमेल तेवढं चालायचं. कमरेचा पट्टा महिनोन्महिने बांधून फिरू नये. पट्ट्याने आधार मिळतो खरा, पण आत स्नायूंना काम उरत नाही. आणि उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याचा पाय कमरेला लावून घेणं, हे आमच्याकडे अजून चालतं. १९९८ पासून राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे, त्याच शहरात! माझी त्याला फार हरकत नाही. नुसता पाय लावतो तोवर. उसण तशीही काही दिवसांत उतरते आणि पायाळूला श्रेय मिळतं. पाठीवर उभं राहून तुडवणारे आणि मान कटकन मोडून देणारे मात्र मला अजिबात खपत नाहीत.

लोकांची भीती चुकीच्या जागी बसली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरीला घाबरतात, आणि ज्याला घाबरायला हवं ते अंगावर काढतात. पायातली कळ एकाएकी थांबली आणि चालताना चप्पल पायातून निसटायला लागली, तर लोक खूश होतात, दुखणं गेलं म्हणतात. नस इतकी दबली की कळ कळेनाशी झाली, असा त्याचा अर्थ असू शकतो. घरातल्या फरशीवर चार पावलं टाचांवर चालून बघा, चार पावलं चवड्यांवर. एका बाजूचा पंजा उचलला जात नसेल किंवा टाच वर होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, मालिशवाल्याकडे नको.

याहून गंभीर म्हणजे लघवी. लागल्याचं कळत नाही, होत नाही, किंवा आपोआप गळते, आणि जिथे आपण सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर होतो. त्या शेपटीसारख्या नसांचा आख्खा झुबका दबल्याची ही लक्षणं. इथे तास मोजायचे असतात. बायका हे सांगायला लाजतात, पुरुष वयावर ढकलतात. एका मावशींना सुनेने बोलतं केलं म्हणून निभावलं. त्या आठ दिवस पाणी कमी पीत होत्या, लघवीला जायला नको म्हणून. अशा वेळी ऑपरेशनने लकवा मारेल का हा प्रश्नच उलटा होतो, कारण ते टाळल्यानेच पाय आणि लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी ठणक असेल तर तेही लगेच दाखवायचं. टीबी किंवा गाठ नाही ना, हे आधी बघावं लागतं.

आता मान. मानेचं उत्तर कमरेपेक्षा वेगळं आहे, आणि इथे मी आवाज थोडा चढवते. मानेत मज्जारज्जू असतोच. तिथे त्याच्यावर दाब आला तर दुखेलच असं नाही. शर्टाचं बटण लागेनासं होतं, विरळणीची कात्री हातातून पडते, सही बदलते, चालताना पाय जड आणि ताठ वाटतात, अंधारात तोल जातो. लोक याला अशक्तपणा म्हणतात आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेत बसतात. बी-ट्वेल्व्ह कमी असल्यानेही मुंग्या येतात आणि तोल जातो, खरं आहे, शाकाहारी घरांत तर बघायलाच हवं. पण त्याची रक्ताची साधी तपासणी आहे, ती करा आणि निकाल लावा. रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, ते बहुतेकदा मनगटातल्या नसेचं असतं, मानेचं नव्हे. त्याला घाबरायची गरज नाही, रात्री मनगटाला स्प्लिंट बांधून अनेकांचं भागतं. मानेतला मज्जारज्जू दबलेला असेल तर मात्र वाट बघण्यात शहाणपण नाही. तिथलं ऑपरेशन कमरेपेक्षा जोखमीचं, हे कबूल. ते मुख्यतः आहे ते टिकवण्यासाठी असतं. गेलेली ताकद काहींची बरीच परत येते, काहींची थोडीच. चालत असताना केलेल्याचा आणि काठी हातात आल्यावर केलेल्याचा निकाल सारखा नसतो.

सर्जनला काय विचारायचं, तेही अनेकांना कळत नाही. ते चिडतील म्हणून घाबरू नका. कुठली नस दबली आहे आणि माझा त्रास तिच्याशी जुळतो का? ताकद कमी झाली आहे का, की फक्त दुखतंय? सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल? ऑपरेशनने पायाची कळ जाईल की कंबरदुखी? हा शेवटचा विचाराच, कारण गादी काढून पायाची कळ छान जाते, कंबर तेवढी नाही, आणि नंतर "ऑपरेशन फेल गेलं" म्हणणारे बरेच जण मुळात कंबरेसाठीच गेलेले असतात.

झाल्यावर काय, हे भावाने विचारलं तर मी एवढंच सांगते. घरी न्यायला गाडी आणा, दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. पहिल्याच दिवसापासून थोडं थोडं चालवा. फार वेळ एका जागी बसू देऊ नका. टाके निघाले की माझ्याकडे आणा. ट्रॅक्टर आणि पोती कधीपासून ते सर्जन ठरवतील, पण या छाटणीला मजूर लावायची तयारी आत्ताच करा.