सडावाघापूरचा उलटा पाऊस आणि कापडी टपाची गाडी

कापडी टपाची फोर बाय फोर (चारही चाकांना जोर असलेली) गाडी घेऊन पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या सडावाघापूरला निघणार असाल, तर आदल्या दिवशी एक तांब्याभर पाणी पायाखालच्या पत्र्यावर ओता आणि तळाच्या भोकांची रबरी बुचं काढा. पाणी धारेनं खाली पडलं तर खुशाल जा. आतच साचून राहिलं तर गाडी दारात ठेवा आणि एसटी धरा.

मला निघताना सांगितलं गेलं ते भलतंच. "साहेब, आता गाडी नदीत घाला, काही होत नाही." सांगणारा कोटिंगवाला, साताऱ्यातलाच. बुडाला काळं रबरी कोटिंग मारायचे साडेसात हजार घेतले, वर पाच वर्षं गंज लागणार नाही म्हणून हमी. त्या साडेसात हजारांत त्यानं काय करून ठेवलं होतं ते कराडला कळलं. ते पुढे येईलच.

ठोसेघर आणि चाळकेवाडी मस्त झालं, रस्ता ठीक, गाडी कोरडी. खरी परीक्षा नागठाण्यावरून तारळे आणि तिथून घाट चढून सडावाघापूरच्या पठारावर. तिथला उलटा धबधबा पाहायला सगळे जातात. कड्यावरून खाली पडणारं पाणी वारा उचलून पुन्हा वर फेकतो. समोर उभं राहिलात की थकवाबिकवा विसरायला होतो, तेवढं खरं. पण जो वारा धबधबा उलटा करतो तो तुमच्या टपाला सोडेल का? कापडी टपाची प्रत्येक झालर, झिपवरची प्रत्येक पट्टी वरून खाली येणाऱ्या पाण्यासाठी शिवलेली असते. इथं पाऊस आडवा येतो आणि खालून वर घुसतो. समोरच्या काचेच्या वर जिथं टप अडकवतात तिथून आणि दाराच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी आत. तारळ्याकडून पाटणकडे जाताना पश्चिमेचा वारा उजवीकडून बसतो, म्हणजे ड्रायव्हरची मांडी आधी भिजते. उलट बाजूनं आलात तर शेजारचा भिजेल. कोणाला भिजवायचं ते आपसात ठरवा. पठारावर वेग वाढवू नका, टप फडफडलं की झिपेचे दात सुटतात.

गाडीचं मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. कापडी टपाच्या सगळ्यांची थोड्याफार फरकानं हीच गत. कंपनी 'वॉटरप्रूफ' म्हणते ते कापडाबद्दल, शिवणीबद्दल नाही.

पाटणला लॉजसमोर दार उघडलं तर दारातून चुळुक चुळुक आवाज. दारात पाणी जाणं बिघाड नाही, काचेच्या फटीतून ते जातंच. दाराच्या खालच्या कडेला त्यासाठी भोकं असतात, तिथून निघून जायला हवं. माझ्या दारातून थेंब पडत नव्हता. मॅट उचलली तर कार्पेट पिळण्यासारखं. गाडी कोयनानगरला नेऊन वाळवू, हा विचार डोक्यातून काढा. त्या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथं रुमालसुद्धा वाळत नाही. नवजाचा ओझर्डे धबधबा बघून सरळ कराडला उतरा. कराडला त्याच्या एक पंचमांशही पाऊस नाही, ऊन मिळतं.

कराडला डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रींनी गाडीखाली बॅटरी मारली आणि विचारलं, "आवो, ही भोकं कुणी बुजवली?" कोटिंगवाल्यानं दाराची आणि तळाची सगळी भोकं रबरी थरात गाडून टाकली होती. बुचंसुद्धा त्याखाली. पाण्याला आत यायला वाट, बाहेर जायला नाही. वर कोटिंग मारलं तेही चिखल नीट न धुता, तेव्हा तो थर एका ठिकाणी पापुद्र्यासारखा उचकटला आणि खाली ओला तांबडा पत्रा. कोटिंग करायचंच असेल तर भोकांवर आधी चिकटपट्टी लावायला लावा आणि समोर उभं राहून करून घ्या. दाराच्या आणि फूटबोर्डाखालच्या पोकळ भागात आतून मेणाचा स्प्रे मारणारा मिळाला तर तो या काळ्या रबरापेक्षा शंभर पटींनी बरा.

आता कामाचं. भिजल्यावर मॅट वाळवून भागत नाही. कार्पेटखालचा नमदा, म्हणजे जाड मऊ थर, आठवडाभर पाणी धरून ठेवतो आणि पत्रा सडतो तो त्याच्याखाली, जोडाच्या कडेनं आणि सीटच्या बोल्टांपाशी. सीट काढून कार्पेट पूर्ण बाहेर घ्या. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतील, ते एअरबॅगचे. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नका. गंज दिसला तर तारेच्या ब्रशनं चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, मग गंजावरचं फॉस्फोरिक ॲसिडवालं औषध, मग प्रायमर, मग रंग. ओल्यावर रंग मारलात तर पैसे पाण्यात. जमलं तर कार्पेट कायमचंच काढा आणि उचलता येणाऱ्या रबरी मॅट टाका. मी तेच केलं.

चालताना बुचं बंदच ठेवा, नाहीतर टायरचं पाणी खालून वर येतं. मुक्कामाला उघडा, सकाळी आठवणीनं लावा. दाराच्या बीडिंगला, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीला, निघायच्या आधी सिलिकॉनचा स्प्रे मारा, ग्रीस नको, रबर फुगतं. टप ओलं असताना घडी घालू नका, बुरशीचे काळे डाग जात नाहीत. मागच्या प्लास्टिकच्या काचांवर आधी पाणी ओता, मग मऊ फडकं. कोरड्या फडक्यानं चिखल पुसलात तर पुढच्या वळणावर मागचं काही दिसणार नाही.

मिस्त्रींनी भोकं मोकळी करून, दोन्ही दारं रिकामी करून सातशे रुपये घेतले.